सांदवाडीत (घराच्या परसात) फुलदाणीसाठी फुलं लावताय? या चुका टाळा

मृगाचा पाऊस पडला की बाजाराच्या दिवशी रोपवाल्याच्या गाडीभोवती गर्दी होते. हात जातो तो आधीच उमललेल्या, गच्च फुललेल्या बसक्या रोपाकडे. पहिली चूक इथेच होते. ती रोपं बहुतेक कुंडीसाठी तयार केलेली बुटकी वाणं असतात. त्यांचा देठ बोटभर असतो. देवाला वाहायला फूल छान, पण फुलदाणीत ते उभं राहत नाही. तोडून घरात ठेवायची फुलं हवी असतील तर रंग नंतर पाहा. आधी बियाण्याच्या पाकिटावरची उंची वाचा. दोन फुटांच्या वर जाणारंच वाण घ्या.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी झिनिया, उंच झेंडू, कोंबडा, बटण फूल, गलांडा, गुलछडी आणि शेवंती यांपलीकडे जायची घाई करू नये. गुलछडी तर आपल्याकडे हमखास लावावी. उन्हाळ्याच्या अखेरीस कंद एकदा लावले की दोन-तीन वर्षं दांडे येत राहतात. घरासाठी एकेरी पाकळ्यांचीच घ्या. तिला वास जास्त असतो आणि दांड्यावरच्या कळ्या नीट उमलतात.

दुसरी चूक महिन्याची, आणि ती सगळ्यात महाग पडते. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. तेव्हा टाकलेलं नाजूक बी उगवलं तरी रोपं करपतात. ग्लॅडिओलस, डेलिया आणि अ‍ॅस्टर यांना गारवा लागतो, म्हणून त्यांची लागवड पावसाळा ओसरताना करावी. झेंडू दसऱ्याला हवा असेल तर दसऱ्याच्या तारखेपासून तीन महिने मागे मोजा आणि त्या सुमारास बी टाका. महिनाभराचं रोप वाफ्यात लावलं की पुढे साधारण दोन महिन्यांत फूल हाती येतं. पोळा झाल्यावर बी टाकलं तर दसरा हुकलाच म्हणून समजा.

शेवंतीचं गणित वेगळं आहे. दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की ती कळ्या धरते. त्यासाठी रात्रीचा अंधार सलग लागतो. अंगणातल्या दिव्याखाली किंवा रस्त्याच्या खांबाजवळ लावलेली शेवंती हिरवीगार वाढते, पण कळ्या उशिरा धरते, कधी धरतच नाही. अशा वेळी लोक खत वाढवतात. त्याने काही होत नाही. जागा बदला, नाहीतर संध्याकाळनंतर दिवा बंद ठेवा.

आता आपली काळी जमीन. कपाशीला ती मानवते, पण सपाट वाफ्यातल्या फुलझाडांच्या मुळांशी श्रावणात पाणी साचून राहतं. मग दुपारी झेंडू मान टाकतो आणि घरचं कोणीतरी तांब्याभर पाणी आणखी ओततं. झाड सुकलेलं दिसलं की आधी मातीत बोट घालून पाहा. माती ओली आणि झाड सुकलेलं, तर पाणी थांबवा. एक रोप उपटून पाहा. मुळं काळपट पडून त्यांची साल हाताला सुटत असेल तर ते झाड गेलं. त्याला काढून टाका आणि बाजूच्या रोपांसाठी चर खणून पाणी बाहेर काढा. पुढच्या वेळी वीतभर उंच गादीवाफा करा आणि त्यात कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा. चार घमेली वाळू टाकून काळी माती मोकळी होत नाही, त्यासाठी शेणखतच लागतं.

झाड दांडगं, पानं काळीभोर हिरवी आणि फूल एकही नाही? वावरातून उरलेला युरिया मूठ-मूठ टाकलेला असणार, नाहीतर जागा लिंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत असणार. युरिया बंद करा. सहा तास तरी ऊन मिळेल अशी जागा निवडा.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कारण दर पावसाळ्यात ती कुठे ना कुठे घडते. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) तणनाशक मारलेला पंप नुसता विसळतात आणि त्याच पंपाने फुलांवर कीडनाशक फवारतात. चार-आठ दिवसांत शेंड्याची पानं अरुंद होऊन दोरीसारखी वळतात आणि देठ वाकडे होतात. तो रोग समजून लोक पुन्हा फवारतात. कपाशीवर टू-फोर-डी या तणनाशकाचा झोत आला की पानं कशी होतात ते आठवा, हे तेच आहे. फुलांसाठी छोटा हातपंप वेगळाच ठेवा. मावा दिसला तर 50 ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून त्यात थोडा साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. झिनियावर पांढरी भुरी येत असेल तर दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा. पाणी पानांवर न ओतता बुडाशी द्या.

शेंडा खुडायला जीव होत नाही, हेही नेहमीचंच. झिनिया फूटभर झाली की वरचा शेंडा खुडावा. बाजूने फांद्या फुटतात आणि देठ लांब मिळतात. झेंडूचाही खुडावा, पण वेळेवर. सणाच्या तोंडावर खुडला तर फुलं सणानंतर येतील. आणि सगळं बी एकाच दिवशी टाकू नका. झिनिया दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरली तर महालक्ष्म्यांपासून दिवाळीपर्यंत फुलं पुरतात.

तोडण्यातही घोळ होतो. झिनिया रंगीत दिसली की कापतात आणि घरात आणेपर्यंत तिची मान लवते. फुलाच्या वीतभर खाली देठ धरून हलकेच हलवा. फूल लदलदलं तर दोन दिवस थांबा, देठ ताठ राहिला तर कापा. गुलछडी खालच्या एक-दोन कळ्या उमलल्यावर कापावी, झेंडू पूर्ण उमलल्यावर. कापायची वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत, आणि पाण्याची बादली वाफ्याशीच असू द्या. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. झेंडूच्या देठांनी पाणी फार लवकर सडतं, त्यामुळे त्याचं पाणी रोज बदला आणि दर वेळी देठाचं टोक थोडं कापा.