बँडसॉ बिघडला? सुटे भाग शोधण्याआधी या चुका टाळा

बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडने लाकूड कापणारं मशीन. त्याचं ब्लेड चाकावरून उतरायला लागलं की बहुतेक जण आधी ब्लेडच बदलतात. नवंही उतरलं की मशीनला नावं ठेवतात आणि "याचे पार्ट आपल्याकडे मिळत नाहीत" म्हणून ते ताडपत्रीखाली ढकलतात. चांगली मशीनं अशी पडून राहिलेली पाहिली की जीव हळहळतो. घरगुती बँडसॉला लागणारे बहुतेक भाग लातूर, जालना, नांदेड, संभाजीनगरात मिळतात. फक्त ते बँडसॉच्या नावाने मिळत नाहीत, मापाने मिळतात.

ब्लेड उतरतंय, पण दोष ब्लेडचा आहे का?

प्लग काढा, दोन्ही झाकणं उघडा आणि चाकावरच्या रबरी टायरवरून अंगठा फिरवा. बहुतेक लहान मशीनांत टायर मधोमध किंचित उंच असतो आणि त्या उंचवट्यामुळेच ब्लेड मध्यावर टिकतं. पत्र्याच्या शेडमध्ये दोन-चार उन्हाळे काढले की रबर कडक होतं. नख रुतत नाही, कडेला बारीक भेगा दिसतात. कधी रबर ठणठणीत असतं, पण सागाचा भुसा दाबून दाबून त्यावर टणक थर झालेला असतो. चाक हाताने फिरवत तो थर बोथट पट्टीने खरवडून काढा. पुष्कळदा एवढ्यानेच ब्लेड जागेवर येतं.

टायर गेला असेल तर सायकलची ट्यूब कापून चिकटवण्याचा मोह टाळा. जोडापाशी जाडी बदलते, दर फेऱ्याला ब्लेडला धक्का बसतो आणि मधला उंचवटाही नीट राहत नाही. चाकाचा व्यास आणि कडेची रुंदी मोजून पॉलियुरेथेनचा टायर मागवा. तो चाकापेक्षा थोडा लहान येतो. "चुकीचा पाठवला" म्हणून परत करू नका. गरम पाण्यात बुडवून मऊ करायचा आणि ताणून चढवायचा, अशीच त्याची रीत आहे. त्याआधी जुना गोंद पूर्ण निघायला हवा.

मग ब्लेड चढवून आधी ताण द्या आणि त्यानंतर वरचं चाक कलतं करणारी मूठ फिरवून ब्लेड मध्यावर आणा. हा क्रम उलटा केला तर ताण देताना ब्लेड पुन्हा सरकतं. हे करत असताना गाईड, म्हणजे ब्लेडला बाजूंनी आणि मागून आधार देणारे भाग, मागे घेतलेले हवेत. गाईड ब्लेडला दाबून धरत असतील तर ब्लेड स्वतःहून कुठे पळतंय ते कळणारच नाही. चाक हाताने फिरवून खात्री झाली की मगच गाईड जवळ आणा. ब्लेड आणि गाईडमध्ये दोन्ही बाजूंनी कागद जेमतेम सरकावा. ब्लेडच्या मागचं बेअरिंग मशीन रिकामं चालताना फिरता कामा नये, लाकूड पुढे रेटल्यावरच फिरावं.

बेअरिंग मशीनच्या नावाने मागणं

काउंटरवर "दादा, बँडसॉचं बेअरिंग द्या" म्हटलं की उत्तर येतं, "ते नाही आपल्याकडे." त्याच दुकानात "६२०३ द्या, रबर सीलचं" म्हणा, दादा मागे हात घालून डबी समोर ठेवतील. लातूरच्या दाळ मिल आणि जालन्यातले सळयांचे कारखाने ज्या प्रकारच्या बेअरिंगांवर चालतात, तीच बेअरिंग तुमच्या मशीनमध्ये असतात.

जुन्या बेअरिंगची कडा रॉकेलने पुसा, आकडे दिसतील. ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिमी, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२, मग कंपनी कुठलीही असो. ६२०४ असेल तर २०, ४७ आणि १४. आकडे झिजले असतील तर व्हर्नियरने (बारीक मापं घेणाऱ्या साधनाने) ही तीन मापं घ्या, त्यावरून दुकानदार नंबर सांगतो. दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असलेलं बेअरिंगही बसतं, पण आपलं काम भुशातलं. रबर सीलचंच घ्या.

बसवताना मात्र खूप जण नवं बेअरिंग वाया घालवतात. चाकाच्या भोकात घट्ट बसवताना बाहेरच्या कडीवरच दाब द्यायचा, शाफ्टवर चढवताना आतल्या कडीवर. उलट ठोकलं की मार गोळ्यांवर बसतो आणि नव्या बेअरिंगलाही खरखर येते. चाक काढताना आणखी एक जपा. काही मशीनांत खालच्या चाकाचं नट उलट्या आट्यांचं असतं. आटे पाहिल्याशिवाय पान्यावर जोर लावू नका.

ब्लेडची लांबी अंदाजाने सांगणं

वरचं चाक त्याच्या वर-खाली सरकण्याच्या मध्यावर ठेवा आणि दोन्ही चाकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजा. त्याची दुप्पट करून त्यात चाकाच्या व्यासाची ३.१४ पट मिळवा. चाक ३५६ मिमी आणि अंतर ६३० मिमी असेल तर ब्लेड साधारण २३७८ मिमीचं, म्हणजे १४ इंची मशीनांत नेहमी चालणारं साडेत्र्याण्णव इंची.

ब्लेड तुटलं तर फेकण्याआधी कुठे तुटलं ते पाहा. दर वेळी पट्टीची दोन टोकं वेल्ड केलेल्या जोडाला लागूनच तुटत असेल तर वेल्डिंगनंतर तो भाग पुन्हा तापवून नरम केलेला नाही. जोडणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा. दात्यांच्या खाचेतून भेगा जात असतील तर लहान चाकावर जाड ब्लेड चढवलंय. १४ इंची चाकावर ०.९ मिमीचं ब्लेड फार टिकत नाही, ०.५ ते ०.६५ मिमीचं घ्या. आणि काम संपलं की ताण सैल करा. त्याने ब्लेड, टायर आणि ताणाची स्प्रिंग तिन्ही वाचतात.

मोटर घूं करते, फिरत नाही

लगेच रिवाइंडिंगला नेऊ नका. आधी व्होल्टेज मोजा, मग कॅपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग) तपासून घ्या. बोअरच्या मोटारींमुळे आपल्याकडे हे दुरुस्त करणारे गावोगाव आहेत. कॅपॅसिटरचे मायक्रोफॅरड जुन्याइतकेच हवेत आणि व्होल्ट जुन्यापेक्षा कमी नकोत. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते, उघड्या हाताने टोकं धरू नका. मोटर बदलावीच लागली तर मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या जागी २८८० ची लावू नका. पुली तीच राहिली तर ब्लेड दुप्पट वेगाने पळेल आणि ते धोक्याचं आहे.

तुटलेलं कास्टिंग

टेबल कलतं करणारी खालची अर्धगोल बैठक तुटली की लोक ती गावातल्या वेल्डरकडे नेतात. साध्या रॉडने बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, टाका मारला की टाक्याशेजारीच नवी चीर जाते. बीड असेल तर पितळेने जोडून घ्या, किंवा आधी तापवून निकेलच्या रॉडने जोडून सावकाश थंड होऊ द्या. हलक्या ओतीव मिश्रधातूची बैठक जोडायच्या भानगडीत पडू नका. संभाजीनगरातल्या वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीकडच्या एखाद्या जॉबवर्कवाल्याकडून लोखंडी प्लेटची नवी करून घ्या. तुटलेले तुकडे टेपने जुळवून न्या आणि शाबूत राहिलेली दुसरी बैठकही काढून सोबत ठेवा. दोन्हींची उंची आणि गोलाई एकसारखी आली नाही तर टेबल ब्लेडशी काटकोनात बसत नाही.