शाकुहाची वाजवणाऱ्यांचा छोटा ग्रुप कसा जमवायचा

शाकुहाची, म्हणजे उभी धरून वाजवायची जपानी बांबूची बासरी, एकट्याने शिकता येते, पण सुरुवातीला आवाजच लागत नाही आणि काय चुकतंय हे सांगायला शेजारी कोणी नसेल तर माणूस कंटाळून ती कपाटात ठेवून देतो. म्हणून आसपास तीन-चार जण जरी सापडले तरी ग्रुप करा, दहा जण जमायची वाट बघत बसू नका.

आधी सगळ्यांच्या शाकुहाची एकाच लांबीच्या आहेत ना ते बघा. नेहमीची १.८ शाकूची (शाकू हे लांबीचं जपानी माप), म्हणजे साधारण ५४.५ सेंटिमीटर, सगळी भोकं बंद केली की डी सूर. कोणी हौसेने २.४ घेऊन आला तर तिचा खालचा सूर ए येतो, एकत्र वाजवताना सगळाच गोंधळ. नवीन माणसाला लगेच बांबूची महागडी घ्यायला लावू नका, प्लास्टिकची किंवा लाकडाची चालते, ती बांबूइतकी सहज तडकत नाही आणि कोणी बघायला मागितली तर बिनधास्त हातात देता येते.

दुसरं म्हणजे घराणं. किंको आणि तोझान ही दोन मोठी. किंकोचं नाव अठराव्या शतकातल्या कुरोसावा किंकोवरून, तोझान नाकाओ तोझानने १८९६ मध्ये ओसाकात सुरू केलं. दोघांचं नोटेशन वेगळं आहे, अर्धे एक वाचतायत आणि अर्धे दुसरं असं झालं की अख्खी संध्याकाळ वादात जाते. ज्या घराण्याचा शिक्षक मिळतोय (ऑनलाइन असला तरी चालेल) ते घ्या आणि निदान पहिलं वर्ष तेच धरून ठेवा.

आता खरी गोष्ट, प्रत्येक वेळी जमल्यावर सुरुवात रो-बुकीने करा. म्हणजे पुढची चार आणि मागचं एक अशी पाचही भोकं बंद करून फक्त 'रो' हा सूर, एका श्वासात जितका जाईल तितका, मग थांबायचं, श्वास घ्यायचा, परत. गोल बसा, दहा मिनिटं, मधे कोणी बोलायचं नाही. लोकांना धुनी वाजवायची घाई असते आणि हेच टाळतात, पण माझ्या मते ग्रुप टिकतो तो यावरच, कारण इथे काल आलेला आणि दहा वर्षं वाजवणारा एकच काम करत असतो आणि नवीन माणसाला चांगला सूर कानाशी ऐकायला मिळतो.

ज्याचा आवाज लागत नाही त्याच्या शेजारी जुन्याने बसावं. वरचं टोक हनुवटीवर टेकवायचं, खालच्या ओठाने नळीचं तोंड बरंचसं झाकायचं आणि पुढच्या तासलेल्या धारेवर बारीक फुंकर मारायची, रिकाम्या बाटलीवर फुंकतो ना तसंच, फक्त जागा फार छोटी. जोर लावू नका. आवाज नाही आला तर बांबू केसभर वर-खाली करून बघा, आरसा असेल तर फुंकर ओठांच्या मधून जाते की कडेने निसटते ते लगेच दिसतं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर ताबडतोब खाली ठेवा, सुरुवातीला होतं असं.

मग मेरी-कारी. मान खाली घातली की सूर उतरतो, वर केली की चढतो, आणि एकत्र वाजवताना बेसूर होण्याचं मोठं कारण हेच, प्रत्येकाची मान वेगळी. ट्युनर मधे ठेवा पण सगळे त्याच्याकडेच बघत बसले की ऐकणं बंद होतं, म्हणून एकाने बघावं, बाकीच्यांनी ऐकावं. जपानमधे म्हणच आहे की मान हलवायला तीन वर्षं, तेव्हा महिनाभरात नाही जमलं म्हणून कोणाला टोकू नका.

धुनी घेताना आधी सोपी लोकगीतं घ्या. फुके या झेन बौद्ध पंथाचे कोमुसो भिक्षू वाजवायचे ती होनक्योकु (जुन्या रचना) मूळची बहुतेक एकट्याने वाजवायची, ग्रुपमधे ती एकेकाने वाजवावी आणि बाकीच्यांनी ऐकावी. 'शिका नो तोने' मात्र दोघांत रंगते, दोन हरणं लांबून एकमेकांना साद घालतात तशी, दोन जुने वादक असले तर खोलीच्या दोन टोकांना बसवून ऐका.

जाताना प्रत्येकाने नळी आतून कापडाने पुसायची. बांबूची असेल तर कोरड्या हवेत किंवा एसीत उघडी टाकू नका, तडा जातो, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायची. एक जास्तीची प्लास्टिकची नळी ग्रुपची म्हणून बाजूला ठेवा, नुसतं बघायला आलेल्या माणसाच्या हातात तीच द्यायची.