बाळंतपणानंतर पुन्हा सायकलवर बसताना

सव्वा महिना झाला की बाळंतिणीची कामं सुरू होतात. वावर, दळण, दवाखाना लांब असला की सायकलही बाहेर निघते. पण तारीख पाहून सायकल काढू नका. सीटवर बसल्यावर दाब येतो तो टाक्यांच्या जागेजवळ, आणि गर्भाशय व लघवीची पिशवी खालून पेलणारे स्नायू अजून सैल असतात. नॉर्मल बाळंतपण असेल तर 6 आठवड्यांची तपासणी होऊ द्या. सिझर झालं असेल किंवा टाके खोल असतील तर साधारण 8 ते 12 आठवडे थांबा, आणि तेही डॉक्टरांना विचारूनच. आशाताई 42व्या दिवशी घरी येतात तेव्हा टाके, लघवी, अंगावरून जाणं याबद्दल लाज न धरता बोला.

तोवर व्यायाम करा. लघवी आणि वारा एकदम रोखतो तसं खालचं अंग आत खेचा, जमेल तेवढे सेकंद धरा (हळूहळू 10 पर्यंत) आणि पूर्ण सैल सोडा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करू नका, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. कडक पाटावर 10 मिनिटं बसणं आणि सपाट रस्त्यावर अर्धा तास चालणं न दुखता, लघवी न गळता जमलं, की सायकलचं बघा.

सीट पहिल्यापेक्षा खाली घ्या, दोन्ही पाय जमिनीवर टेकले पाहिजेत. सीटचं टोक वर उचललेलं नको, पुढचं अंग तिथंच दुखतं. टोक सपाट किंवा किंचित खाली ठेवा. हँडल थोडं उंच केलं की ताठ बसता येतं आणि भार मागच्या हाडांवर जातो.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो चढताना. एक पाय पायडलवर, दुसऱ्याने ढकलत चढायची आपली सवय असते. त्यात सगळा भार एका बाजूला येतो आणि जांघेच्या मधल्या हाडात कळ मारते. म्हणून लेडीज सायकलच घ्या. दांडी वाकवलेल्या जागेतून पाय आत घ्या, आधी सीटवर बसा, मगच पायडल मारा. उंबऱ्यावरून सायकल उचलायची असेल तर घरातल्या कुणाला तरी सांगा.

वर्षभर उभ्या सायकलचे ब्रेकचे रबर आणि ट्यूब आधी मिस्त्रीकडून पाहून घ्या, चेनला तेल द्या.

पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड 10 मिनिटं, डांबरी सपाट रस्त्यावर, कॅरिअर रिकामं. त्रास नसेल तर दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवा. पांदण रस्ता टाळा. पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा मडगार्डात भरला, की सायकल ओढण्यात पोटावर नको तेवढा ताण येतो. बाभळीच्या काट्याने पंक्चर झालं तरी ढकलतच यावं लागतं, म्हणून गावाजवळच फिरा. उन्हाळ्यात सकाळी 8च्या आत परत या, डोक्याला दुपट्टा आणि सोबत पाणी हवंच. निघण्याआधी लेकराला पाजा, भरलेली छाती धक्क्यांनी दुखते. चक्कर किंवा धाप लागत असेल तर रक्त कमी असू शकतं, हिमोग्लोबिन तपासा. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात, चहासोबत नाही.

थांबलेलं रक्त पुन्हा लाल जायला लागलं, लघवी गळली किंवा खाली काही उतरल्यासारखं जड वाटलं, तर सायकल बंद करून दवाखान्यात दाखवा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल, ताप असेल किंवा टाक्यातून पू येत असेल, तर त्याच दिवशी जा.

लेकरू झोळीत किंवा मांडीवर घेऊन सायकल चालवू नका, एक हात त्याच्याकडे गेला की ब्रेक अर्धाच लागतो.