कंट्रोल-आर, मग टॅब

कुडाळच्या डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचं, रेकॉर्डिंग घरी आणलं. पखवाज, झांज, पेटी, बुवा, कोरस धरून १४ ट्रॅक, आणि नावं काय, तर '१-ऑडिओ', '२-ऑडिओ'. पेटी समजून झांजेलाच रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) देऊन बसलो.

एकेका नावावर राइट-क्लिक करून वैतागलो होतो. एबलटन लाइव्ह या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिला ट्रॅक निवडून कंट्रोल-आर (मॅकवर कमांड-आर) दाबलं, 'पखवाज' लिहिलं आणि एंटरऐवजी टॅब मारला. कर्सर थेट पुढच्या ट्रॅकच्या नावावर! चहा निवायच्या आत सगळे ट्रॅक झाले. नावाआधी हॅशचं चिन्ह (#) टाकलं तर ट्रॅकचा नंबर आपोआप येतो, ट्रॅक वरखाली केला की तोही बदलतो.

आता रेकॉर्ड दाबण्याआधीच नावं देतो, कारण ऑडिओ फाइललाही तेच नाव लागतं.

झांजेचा रिव्हर्ब मात्र बुवांना आवडला. ठेवलाय.