आधी सरफेस, मग लेआउट: बोलिंग बॉल लेनप्रमाणे तयार करताना

डेट्रॉइटच्या आसपास दहा पिनांच्या बोलिंगची लीग खेळणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. स्वतःचा पहिला रिअ‍ॅक्टिव्ह (लेन पकडून वळणारा) बॉल घेतला की त्यांचा एकच प्रश्न येतो: भोकं कुठे पाडून घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. लेआउट, म्हणजे भोकांची जागा, आपल्या हाताप्रमाणे करून घ्यायचा, आणि लेनप्रमाणे बदलायचा तो सरफेस, म्हणजे बॉलच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा. ड्रिल झालेला लेआउट बदलायचा तर बॉल प्लग करून (भोकं बुजवून) पुन्हा ड्रिल करावा लागतो. सरफेस पाच-दहा मिनिटांत बदलतो, पैसेही फारसे लागत नाहीत. शिवाय फरक त्यानेच जास्त पडतो. अमेरिकेच्या बोलिंग संघटनेने, यूएसबीसीने, बॉलच्या हालचालीचा मोठा अभ्यास करून 2008 मध्ये निष्कर्ष मांडले, त्यात बॉलच्या बाहेरच्या थराचा खडबडीतपणा सगळ्यात वर होता. मी नोकरीत इंजिनाच्या भागांचा पृष्ठभाग मोजते, आर-ए (सरासरी खडबडीतपणा) हा आकडा माझ्या रोजच्या बघण्यातला, त्यामुळे मला ते लगेच पटलं. लेनवर तेलाचा थर दिलेला असतो; ओल्या रस्त्यावर झिजलेला टायर घसरतो तसा गुळगुळीत बॉल तेलावर घसरतो. खडबडीत बॉल तेलाच्या थरातून खाली लेनला टेकतो.

म्हणून आधी तेल ओळखा. फाउल लाइनपासून हेडपिनपर्यंत 60 फूट, रुंदीत 39 बोर्ड. लीगच्या रात्री बहुतेक ठिकाणी हाउस शॉट असतो: तेल साधारण 40 फुटांपर्यंत, मधल्या बोर्डांवर भरपूर आणि कडेला पातळ. बॉल बाहेर गेला तर कोरडा भाग त्याला परत आणतो, आत राहिला तर तेल त्याला धरून ठेवतं. स्पोर्ट पॅटर्नमध्ये (पॅटर्न म्हणजे लेनवर तेल पसरण्याची ठरलेली मांडणी) तेल कडेपर्यंत बऱ्यापैकी सारखं असतं, तिथे ही मदत मिळत नाही. पॅटर्नचा कागद काउंटरवर मागा, मागायला लाजू नका. त्यावरच्या लांबीतून 31 वजा करा. उरेल त्या बोर्डाच्या (उजव्या हाताच्या बोलरने उजवीकडून मोजायचं) आसपास बॉल वळायला लागायला हवा. 41 फुटांना 10 वा बोर्ड, 35 ला 4 था, 45 ला 14 वा. हा अंदाज आहे, पण सरावाच्या पहिल्या शॉटला कुठे बघायचं ते तरी कळतं.

आता ग्रिट, म्हणजे घासायच्या पॅडचा आकडा. 500 म्हणजे खडबडीत, 4000 म्हणजे गुळगुळीत, त्याच्या पुढे पॉलिश. हाउस शॉटवर सॉलिड कव्हरचा (लवकर पकड घेणाऱ्या बाहेरच्या थराचा) बॉल 2000 वर ठेवा आणि निदान एक महिना त्याला हात लावू नका. आधी त्याची चाल डोळ्यांत बसू द्या. 45 फुटांचा, भरपूर तेलाचा पॅटर्न असेल तर 1000, फारच घसरत असेल तर 500. लेन जुनी, लाकडी असेल किंवा तिसऱ्या गेमपर्यंत तुमच्या रेषेतलं तेल उडालं असेल, तर पॉलिश केलेला पर्ल (उशिरा वळणाऱ्या कव्हरचा) बॉल काढा. छोट्या पॅटर्नवर, म्हणजे 36 फुटांच्या आत, बऱ्याच जणांची गफलत होते. तेल कमी म्हणून ते सगळ्यात चकचकीत बॉल काढतात. तो तेलावर सुसाट जातो आणि कोरड्यावर पोचल्यावर एकदम जोरात वळतो. मला तिथे युरेथेन (शांत वळणाऱ्या कव्हरचा) किंवा कमी ताकदीचा, थोडा घासलेला बॉल बरा वाटतो. लवकर आणि सावकाश वळतो, कडेच्या 4-5 बोर्डांवर ताब्यात राहतो.

घासायचं कसं, हे नीट सांगते, कारण इथे घाई केली की सगळं बिघडतं. आधी बॉल क्लीनरने पुसून घ्या, नाहीतर पॅड तेलाने भरतं. प्रो शॉपमध्ये, म्हणजे बॉल ड्रिल करणाऱ्या दुकानात, स्पिनर (बॉल फिरवणारं यंत्र) असतो. घरी असाल तर बॉल एका कपात ठेवून हाताने घासा. पॅड ओलं हवं. बॉलच्या चार बाजू धरा आणि प्रत्येक बाजूला तेवढाच वेळ, तेवढाच दाब द्या. स्पिनरवर बाजूला 20-30 सेकंद पुरतात. करड्या रंगाचा पातळ चिखल सुटायला लागला की पॅड काम करतंय असं समजा. 2000 हवं असेल तर थेट 2000 चं पॅड लावू नका; आधी 500 ने जुना सरफेस काढा, मग 1000, मग 2000. झाल्यावर बॉल ट्यूबलाइटखाली फिरवून बघा. 1000 वर ट्यूबचा नुसता पांढुरका धब्बा दिसतो, 4000 वर तिचा आकार उमटू लागतो, पॉलिशवर कडासुद्धा स्पष्ट दिसतात. धब्बा एका बाजूला वेगळा दिसला तर ती बाजू राहिली आहे. पॅडचंही वय असतं: खूप वापरलेलं 1000 चं पॅड नव्या 2000 च्या जवळ जातं.

खेळता खेळता ट्रॅकवर, म्हणजे लेनला टेकणाऱ्या पट्ट्यावर, बॉल आपोआप गुळगुळीत होतो. 500 वर केलेला बॉल काही गेमनंतर 500 वर राहत नाही. मागच्या महिन्यात छान वळणारा बॉल आता वळत नाही अशी तक्रार आली की मी आधी तो शेवटचा कधी घासला ते विचारते. यूएसबीसीच्या लीगमध्ये घासायचं ते गेम सुरू होण्याआधी, आणि पूर्ण बॉल. एकदा खेळ सुरू झाला की नाही. 2019 च्या हंगामात खेळाच्या मध्ये ओला क्लीनरही बंद करून फक्त कोरडा टॉवेल ठेवला होता.

लेआउटसाठी आधी तुमचा पीएपी लागतो. हात सोडताना बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो, त्या अक्षाचं बॉलवरचं टोक म्हणजे पीएपी. उजव्या हाताच्या बोलरने ग्रिपच्या (बोटं-अंगठ्याच्या भोकांच्या) मध्यापासून उजवीकडे साधारण 5 इंचांवर पांढऱ्या टेपचा छोटा तुकडा लावावा आणि मैत्रिणीला पहिल्या काही फुटांत तो तुकडा बघायला सांगावं. टेप गोल गोल हेलकावत असेल तर थोडी सरकवा, पुन्हा टाका. टेप जागच्या जागी स्थिर फिरली की मोजा. माझा पीएपी 4¾ इंच उजवीकडे आणि ½ इंच वर आहे. हा आकडा न विचारता ड्रिल करायला निघालेल्या दुकानात बॉल देऊ नका.

बॉलवर रंगीत ठिपका असतो ती पिन, म्हणजे आतल्या गाभ्याचं टोक. पिन पीएपीपासून 3⅜ इंचांवर आली की फ्लेअर, म्हणजे फिरताना ट्रॅकचं सरकणं, सर्वांत जास्त. दर फेऱ्याला बॉलचा नवा, कोरडा भाग लेनवर येतो आणि तेलाची वलयं पंख्यासारखी पसरलेली दिसतात. पिन पीएपीवर किंवा 6¾ वर असेल तर वलयं एकमेकांवर चढतात, चाल शांत होते. हाउस शॉटला 4 ते 5 इंच घ्या. बॉल डिझाइन करणारे मो पिनेल यांच्या ड्युअल अँगल पद्धतीत याखेरीज दोन कोन असतात. ते लहान तर बॉल लवकर फिरून जातो, मोठे तर सावकाश. वेग जास्त, फिरकी कमी असेल तर लहान कोन. वेग कमी, फिरकी भरपूर असेल तर मोठे. पिन बोटांच्या भोकांच्या वर असेल तर बॉल पुढे जाऊन वळतो, खाली असेल तर चाल गोलसर होते. जुन्या लेखांत चौथं, बॅलन्सचं भोक सांगितलेलं असतं. यूएसबीसीच्या खेळात 1 ऑगस्ट 2020 पासून ते बंद आहे.

निवड बरोबर आहे का ते लेनच्या टोकाच्या पिना सांगतात. उजव्या हाताच्या बोलरचा बॉल पॉकेटमध्ये (1 आणि 3 नंबरच्या पिनांमध्ये) गेला, 10 नंबरची पिन उभी राहिली, तर नजर 6 वर हवी. 6 नंबर 10 च्या मानेभोवतून उडून गेली तर सरफेसला हात लावू नका, पाय एखादा बोर्ड सरकवा किंवा चेंडू जरा वेगळ्या वेगाने टाका. 6 नंबर गटरमध्ये नुसती लोळली तर बॉलची ताकद पिनांपर्यंत पोचण्याआधीच संपली आहे. पुढच्या आठवड्याआधी 2000 चा 3000 करा. 2-4-5-8 या पिनांचा गट, म्हणजे ‘बादली’, वारंवार उभा राहत असेल तर बॉल उशिरा वळतोय, 2000 वरून 1000 वर या.

पहिल्या बॅगेत माझ्या मते तीन बॉल असावेत: 2000 वरचा सॉलिड, पॉलिशचा पर्ल आणि स्पेअरसाठी (उरलेल्या पिना पाडायला) प्लास्टिकचा. प्लास्टिकच्या बॉलला लेआउटचा विचार नको, ग्रिप तेवढी इतर दोघांसारखीच घ्या.