घरगुती उटणे आणि चेहऱ्याचे लेप : या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी इंदूरमध्ये रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहून दुपारी राजवाड्याहून घरी परतल्यावर चेहऱ्यावरचा हिरवा-जांभळा रंग काढण्यासाठी मी हाताशी असलेले लाडवाचे जाडे बेसन, बरीचशी हळद आणि दोन लिंबांचा रस वाटीत कालवला, गच्चीवरच्या नळाशी बसून ते खसाखसा चोळले आणि केस वाळेपर्यंत तिथेच उन्हात बसून राहिले. तिसऱ्या दिवशी हनुवटीपासून गळ्यापर्यंत, रस ज्या वाटेने ओघळला होता नेमक्या त्याच वाटेवर, लाल चट्टा उमटला. पुढे तो तपकिरी झाला आणि पुरता मावळेपर्यंत इंदूरचा पावसाळा सुरू झाला होता. एका बैठकीत मी किती चुका केल्या, हे नंतर नीट समजून घेतले.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक लिंबाची आहे. निरोगी त्वचेचा सामू (pH; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ४.५ ते ५.५ असतो, तर लिंबाच्या रसाचा २ ते २.५; या मोजपट्टीवर प्रत्येक अंकाला दहापट फरक पडत असल्यामुळे लिंबाचा रस त्वचेपेक्षा शेकडो पटींनी आम्ल असतो. केवळ आम्लता असती, तर जळजळ होऊन गोष्ट संपली असती. परंतु लिंबात, आणि रसापेक्षाही त्याच्या सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात, जी उन्हातील अतिनील किरणांशी संयोग होताच त्वचा भाजून काढतात. हा परिणाम लगेच दिसत नाही. एक-दोन दिवसांनी लाली किंवा फोड येतात, त्यानंतर राहणारे डाग काही आठवडे, कधी काही महिने टिकतात, आणि तोपर्यंत लिंबाचा विसर पडल्यामुळे दोष भलत्याच कशाला तरी दिला जातो. डाग उजळावेत म्हणून लावलेले लिंबू अशा प्रकारे नवे डाग देऊन जाते. थोडा आंबटपणा हवाच असेल, तर ताज्या दह्यातले लॅक्टिक आम्ल पुरेसे आहे.

लिंबाने जळजळ झाल्यावर त्यावर खाण्याचा सोडा लावण्याचा सल्ला हमखास मिळतो. सोड्याचे द्रावण अल्कधर्मी, सुमारे ८ सामूचे असते. आधीच दुखावलेल्या त्वचेला दुसऱ्या टोकाला ओढून काहीही साधत नाही. जळजळ सुरू होताच लेप भरपूर गार पाण्याने धुवावा, साधे सौम्य क्रीम लावावे आणि दोन-तीन दिवस ऊन टाळावे. “चुरचुरते म्हणजे गुण येतो आहे” असे आमच्याकडच्या एक मामी ठामपणे सांगत असत. उटण्याच्या बाबतीत मी त्यांचे ऐकणे सोडले आहे.

दुसरी चूक पिठाच्या दळणाची. लाडवाला लागते ते रवाळ बेसन चेहऱ्यावर बारीक ओरखडे काढते. साखर आणि अक्रोडाच्या टरफलांची भरड तर त्याहून वाईट. उटण्यासाठी बारीक बेसन किंवा मसूरडाळीचे पीठ वस्त्रगाळ करून घ्यावे आणि लेप काढताना चोळण्याऐवजी ओल्या हाताने सैल करून धुवावा. रंग खेळायला जाण्यापूर्वीच चेहऱ्याला तेल लावले, तर नंतर घासण्याची वेळ सहसा येत नाही.

लेप वाळून तडे जाईपर्यंत ठेवण्याची सवय माळव्याच्या कोरड्या हवेत विशेष नडते. चैत्र-वैशाखात पंख्याखाली बसले, तर मुलतानी माती पाहता पाहता वाळते आणि आक्रसताना त्वचेतला ओलावा घेऊन जाते. चेहरा ताणल्यासारखा वाटतो तो यामुळे, “घट्ट झाल्यामुळे” नव्हे. कडा फिकट दिसू लागल्या की, म्हणजे साधारण आठ-दहा मिनिटांत, लेप उतरवावा. तेलकट त्वचेला ही माती आठवड्यातून एकदा चालते. कोरड्या त्वचेच्या माणसाने ती वगळून बेसनात साय घालावी. उटण्यानंतर पुन्हा साबण लावणे अनावश्यक आहे, आणि ज्या घरांत नर्मदेचे पाणी दिवसाआड येते व मधल्या दिवशी बोरिंगचे जड पाणी वापरावे लागते, तिथे साबणाचा चिकट थर त्वचेवर राहून कोरडेपणा आणखी वाढतो.

हळद चिमूटभरच घालावी. पिवळेपणा राहिलाच, तर पाण्याने घासून उपयोग होत नाही, कारण हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलाचे बोट फिरवून कापसाने पुसले की ते बरेचसे निघते. सुट्या, भडक पिवळ्या हळदीत शिसेयुक्त पिवळ्या रंगाची भेसळ असू शकते, म्हणून सियागंज या इंदूरच्या किराणा बाजारातून अख्खी हळकुंडे आणून ती घरी कुटलेली बरी. डाग नकोच असतील, तर कस्तुरी हळद घ्यावी; मात्र ती आणि आंबेहळद या दोन निराळ्या वनस्पती आहेत, हे दुकानदाराला विचारताना लक्षात असू द्यावे.

उरलेला लेप फ्रीजमध्ये ठेवून चार दिवस पुरवू नये. दही, दूध किंवा साधे पाणी मिसळले की त्यात जंतू वाढू लागतात आणि थंडीमुळे ती वाढ मंदावते, थांबत नाही. कोरडे मिश्रण कोरड्या चमच्यासह बरणीत भरून ठेवावे आणि एका वेळेला लागेल तेवढेच भिजवावे. मुरुमे येणाऱ्यांनी त्यात खोबरेल तेल घालू नये, कारण त्याने रंध्रे बुजतात. कच्चे अंडेही मी वापरत नाही, कारण ओठांजवळून साल्मोनेला हे जंतू पोटात जाण्याचा धोका उगाच कशाला घ्यायचा?

कोणताही नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून, धुऊन, पुढचे ४८ तास तिथे लाली किंवा खाज येते का ते पाहावे. लग्नघरात हा प्रयोग हळदीच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन आठवडे आधी उरकावा. फोड आले, डोळ्यांभोवती सूज आली किंवा लाली तीन दिवसांत उतरली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि वाटीत काय काय कालवले होते ते लिंबासकट सांगावे.