नवं भांडं वापरात काढताना

नवं भांडं आणलं आणि लगेच गॅसवर चढवलं, की निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात. ओळखीत कुणाकडे काही नवं आलं की मला फोन येतो आणि तक्रार बहुतेक एकच असते : सगळं चिकटतंय. भांडं चांगलं असतं, फक्त ते अजून तयार झालेलं नसतं आणि त्याची आच आपल्या हाताला कळलेली नसते. म्हणून पहिला आठवडा भांड्याला द्यावा, असं माझं ठाम म्हणणं आहे.

स्टिकर सुरीने खरवडू नका. त्यावर तेल चोळून थोडा वेळ ठेवा, डिंक सुटतो. मग भांडं उलटं करून तळावर पोलादी पट्टी उभी धरा आणि उजेडाकडे बघा. मधे किंचित खोलगट असेल तर चालतं, कारण तापल्यावर धातू पसरून तो तळ बसतो. तळ बाहेर फुगलेला असेल, तर भांडं सपाट शेगडीवर गरगर फिरत राहणार आणि तेल कायम कडेला जाणार. असं भांडं वापरण्याआधीच बदलून घ्या. इंडक्शन असेल तर तळाला लोहचुंबकही लावून बघा. तो घट्ट बसला पाहिजे.

आता बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं भांडं. याच्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण घरातलं सगळ्यांत टिकाऊ भांडं हेच आणि सगळ्यांत जास्त वाया जातं तेही हेच. कारखान्यात त्याला गंज लागू नये म्हणून मेण किंवा तेल फासलेलं असतं. ते गरम पाण्याने आणि साबणाने घासून काढा. ‘प्री-सीझन्ड’, म्हणजे कारखान्यातच तेलाचा थर भाजून चढवलेलं, असं लिहिलेलं असेल तर घासण्याची गरज नाही, नुसतं धुवा; पण तो थर पातळ असतो, पुढची मेहनत तिथेही करावीच लागते. धुतल्यावर फडक्याने पुसा आणि मंद आचेवर ठेवून पार कोरडं करा. ओलं बीड बघता बघता तांबूस होतं.

मग तेल. सूर्यफूल, सोयाबीन, कुठलंही साधं रिफाइंड तेल चालतं. जवसाच्या तेलाचा थर सुरुवातीला देखणा दिसतो, पण पुढे त्याचे पापुद्रे निघतात, म्हणून मी ते सुचवत नाही. कोमट भांड्याला आतून, बाहेरून, दांड्याला तेलाचा हात फिरवा. नंतर कोरडं फडकं घ्या आणि तेल चुकून लागलं होतं अशा भावनेने सगळं पुसून काढा. पुसून झाल्यावर भांडं कोरडं वाटलं पाहिजे. तरीही त्यावर जे उरतं तेवढंच हवं असतं. ओव्हन असेल तर २३० ते २५० अंश सेल्सिअसवर भांडं पालथं घालून तासभर ठेवा आणि आतच गार होऊ द्या. ओव्हन नसेल तर खिडकी उघडून मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवा. कडांनाही आच लागावी म्हणून भांडं मधूनमधून सरकवा. हे तीनचारदा करायचं.

यात होतं काय, तर उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि लोखंडावर एक टणक पापुद्रा धरतो. मग तो तेल राहत नाही, साबणाच्या पाण्याने सुटतही नाही. पूर्वीच्या साबणात कॉस्टिक सोडा उरलेला असायचा, तो हा थर खाऊन टाकायचा. म्हणून बिडाला साबण लावू नये असं सांगत. आजच्या भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब खुशाल घ्या. पाण्यात भिजत मात्र कधी ठेवू नका. पहिल्या काही आठवड्यांत टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर त्यात शिजवू नका, आंबटाने कोवळा थर निघतो. कांदा परतणं, काहीतरी तळणं, असं तेलातलं काम आधी करा. भांडं हाताला चिकट लागलं तर तेल जास्त झालंय. तसंच पुन्हा तासभर तापवा, बसतं. बीड आच सावकाश पसरवतं, म्हणून मंद आचेवर पाचसात मिनिटं तापवूनच काम सुरू करावं. एनॅमल चढवलेल्या बिडाला यातलं काही लागत नाही. तो काचेचाच थर असतो; रिकामं तापवू नका आणि गरम असताना गार पाणी ओतू नका, एवढं पुरे.

स्टीलचं उलट आहे. त्याला थर नको, समज हवी. भांड्यावर १८/१० लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ १८ टक्के क्रोमियम आणि १० टक्के निकेल. क्रोमियममुळे गंज धरत नाही. पण स्टील स्वतः उष्णता फार वाईट वाहून नेतं. ॲल्युमिनियम त्याच्या साधारण १५ पट चांगलं. म्हणून चांगल्या भांड्यात दोन स्टीलच्या पत्र्यांमधे ॲल्युमिनियम घातलेलं असतं. ते नुसतं तळाला आहे की काठापर्यंत गेलंय, हे विकत घेतानाच विचारा. नुसतं तळाला असेल, तर ज्योत तळाबाहेर गेली की कडांना करपतं.

आपल्या शेगडीवर भांडं नेमकं कुठे जास्त तापतं, हे बघायची एक सोपी युक्ती आहे. कोरड्या भांड्यात पिठाचा पातळ, सारखा थर भुरभुरा आणि मध्यम आच ठेवा. हलवू नका, नुसतं बघत राहा. पीठ आधी एखाद्या ठिपक्यावर किंवा ज्योतीच्या कड्याभोवती बदामी होतं आणि मग रंग बाहेर सरकतो. तो नकाशा लक्षात ठेवायचा : अंडं कुठे फोडायचं आणि भांडं कधी फिरवायचं, ते त्यावरून ठरतं.

चिकटण्याचं उत्तर पाण्याच्या थेंबात आहे. रिकामं स्टीलचं भांडं तापवत थेंब टाका. आधी तो चर्र करून जागीच आटतो. आणखी तापलं, साधारण २०० अंशांच्या आसपास, की तो पाऱ्याच्या गोळीसारखा गडगडत फिरतो, कारण खाली वाफेची गादी तयार होते. तिथे आच कमी करा, भांडं कोरडं आहे ना ते बघा, तेल घाला, तेलावर लहर दिसली की पदार्थ. आणि टाकल्यावर लगेच उलथनं घालू नका. खालची बाजू भाजली की पदार्थ बहुतेक आपण होऊन सुटतो. खेचाल तर निम्मा भांड्यावरच राहील. मीठ पाणी उकळल्यावर घाला, गार पाण्यात तळाशी बसलेल्या मिठाने स्टीलवर बारीक खड्डे पडतात. तळावर इंद्रधनुषी रंग आले तर घाबरू नका, व्हिनेगर चोळलं की जातात.

नॉनस्टिकला रिकामं तापवायचं नाही, संपलं. २६० अंशांच्या वर टेफ्लॉनचा थर बिघडू लागतो, आणि मोठ्या आचेवर रिकामं भांडं काही मिनिटांतच तिथे पोचतं. त्या धुराने पाळलेले पक्षी मरू शकतात, तेव्हा घरात पोपट असेल तर विशेष जपा. लाकडी किंवा सिलिकॉनचं उलथनं वापरा, एकावर एक रचताना मधे कापड घाला, आणि थर सोलला की मन घट्ट करून टाकून द्या.

नवा कुकर पहिल्यांदा नुसतं पाणी घालून चालवा. झाकण कसं बसतं, कडेने वाफ जाते का, शिट्टी मोकळी आहे का, हे अन्न आत नसताना बघणं सोपं जातं. आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं, तेव्हा रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नीट बघून घ्या.

सुरी धारदार आली असेल तर ती काचेवर, ग्रॅनाइटच्या ओट्यावर, ताटलीत चालवू नका. धार तिथेच मरते. लाकडी पाट किंवा प्लॅस्टिकचा बोर्ड घ्या. लाकडाला खाद्यदर्जाचं मिनरल ऑइल पाजा, आठवडाभर रोज थोडं. स्वयंपाकाचं तेल लावलं तर काही दिवसांनी त्याला खवट वास येतो. कडक पोलादाची जपानी घडणीची सुरी असेल तर तिने हाड तोडू नका आणि पातं पिळू नका, धारेचा टवका उडतो.

दगडी खलबत्ता आला असेल तर ब्रशने धुऊन, वाळवून मूठभर कच्चा तांदूळ कुटा. पीठ करडं निघेल, ते टाका. पुन्हा तांदूळ घ्या. पीठ पांढरं निघायला लागेपर्यंत हे करत राहायचं. हात दुखतो, पण नंतर मसाल्यात दगडाची कचकच येत नाही.

थर्मामीटर घेतला असेल तर पहिल्या वापराआधी ग्लासभर बर्फात थोडं पाणी घालून ढवळा आणि टोक मधोमध धरा, तळाला टेकू न देता. आकडा शून्यावर थांबला पाहिजे. थांबत नसेल आणि मागे जुळवायचा स्क्रू किंवा बटण असेल, तर तिथल्या तिथे जुळवून घ्या.